०:५२:३४ च्या गोणीतले उरलेले १४ टक्के कशाचे?

द्राक्षवेल_दिंडोरी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षे इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

द्राक्षाची खरड छाटणी होऊन चाळीस दिवस झाले, सूक्ष्मघड निर्मितीचा (डोळ्यात पुढचा घड तयार होण्याचा) काळ आहे, म्हणून शून्य बावन्न चौतीस हे खत (नायट्रोजन शून्य, फॉस्फेट बावन्न, पोटॅश चौतीस टक्के) आणायला गेलो होतो. दुकानात दोघांचा वाद चालला होता. एकाचं म्हणणं, "बावन्न आणि चौतीस मिळून शहाऐंशी झाले. मग शंभरातले चौदा कुठं गेले? कंपनी माती भरते, आणि आपण मातीचे पैसे मोजतो." खरं सांगतो, गेली पंधरा वर्षे माझ्याही मनात हेच होतं. त्यात पोटॅश महाग झालं की ही शंका जास्तच टोचते.

मुलगी नववीत आहे. सध्या त्यांना अणुवस्तुमान आणि रेणुवस्तुमान चालू आहे. घरी येऊन तिला सहज विचारलं. तिने गोणीवरचं नाव वाचलं, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, आणि बाईंनी दिलेल्या तक्त्यातून सूत्र काढलं: पोटॅशियम १, हायड्रोजन २, फॉस्फरस १, ऑक्सिजन ४. मग वहीत बेरीज मांडली.

पोटॅशियम ३९. हायड्रोजन दोन, म्हणून २. फॉस्फरस ३१. ऑक्सिजन १६ चा एक, चार म्हणजे ६४. एकूण १३६.

पुढे आम्ही अडलो. ३१ ला १३६ ने भागलं तर फॉस्फरस २२.८ टक्के येतो, बावन्न कुठेच नाही. गोणी परत नीट वाचली तेव्हा बारीक अक्षरात दिसलं, "फॉस्फेट (फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून)" आणि "पोटॅश (पोटॅशियम ऑक्साइड म्हणून)". म्हणजे आकडे मूलद्रव्यांचे नाहीत, ऑक्साइडचे आहेत.

फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस दोन आणि ऑक्सिजन पाच: ६२ + ८० = १४२. आपल्या रेणूत फॉस्फरस एकच, म्हणून निम्मे धरायचे, ७१. पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम दोन, ऑक्सिजन एक: ७८ + १६ = ९४. त्याचे निम्मे ४७.

७१ भागिले १३६ म्हणजे ५२.२ टक्के.
४७ भागिले १३६ म्हणजे ३४.६ टक्के.

बावन्न, चौतीस! ताटावरून उठून आम्ही दोघांनी गोणी पुन्हा पाहिली. आणि १३६ मधून ७१ आणि ४७ वजा केले तर उरतात १८. अठरा म्हणजे पाण्याचं रेणुवस्तुमान. १८ भागिले १३६, सव्वातेरा टक्के. मातीबिती काही नाही, ते उरलेलं सगळं पाणी आहे.

माझं चुकत असेल तर सांगा. आणि तुमच्याकडच्या गोण्यांचे हिशेब इथे टाका. दुकानातल्या त्या दोघांना मला हा धागा दाखवायचा आहे.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

+१. वाचनखूण साठवली. आमच्याकडेही "बाकी काय भरतात" हा प्रश्न कायमचा आहे.

निवृत्त_मास्तर

दादा, आधी तुमच्या लेकीला शाबासकी. बेरीज बिनचूक आहे. मी अडतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलं, पण गोणी समोर ठेवून हा धडा शिकवायचं कधी सुचलं नाही.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी, कारण तुम्ही हे दुकानात दाखवणार आहात. ते १८ म्हणजे गोणीतला ओलावा नव्हे. ०:५२:३४ चा दाणा कोरडाच असतो. फॉस्फरस आणि पोटॅशियम यांचा हिशेब ऑक्साइडच्या रूपात केला, की रेणूतले दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन कुणाच्याच वाट्याला जात नाहीत. कागदावर ते "पाणी" दिसतात, रेणूत मात्र ते फॉस्फेटचेच अवयव आहेत. मोरचुदात (निळ्या कॉपर सल्फेटमध्ये) खरंखुरं पाणी असतं, तो प्रकार वेगळा. त्याबद्दल पुढे लिहितो.

ऑक्साइडची भानगड आली कुठून, तर जुन्या पृथक्करणाच्या पद्धतीतून. एकोणिसाव्या शतकात पिकाची नाहीतर खनिजाची राख करून, त्यातला एकेक घटक वेगळा काढून त्याचं वजन करत आणि तो ऑक्साइडच्या रूपात नोंदवत. ती सवय व्यापारात मुरली. आज कुठल्याही गोणीत फॉस्फरस पेंटॉक्साइड नावाचा पदार्थ नसतो. असता तर हवेतला ओलावा ओढून त्याचं आम्ल झालं असतं.

म्हणून दोन गुणक पाठ करून ठेवा. गोणीवरच्या फॉस्फेटच्या आकड्याला ०.४४ ने गुणलं की खरा फॉस्फरस मिळतो (६२ भागिले १४२). पोटॅशच्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की खरा पोटॅशियम (७८ भागिले ९४). २५ किलोच्या गोणीत फॉस्फेट १३ किलो, पण फॉस्फरस पावणेसहा किलोच्या आत. पोटॅश साडेआठ किलो, पोटॅशियम सात.

वर्गातली आणखी एक गोष्ट. पोटॅशियम फॉस्फेट, मीठ, मोरचूद हे आयनिक पदार्थ. त्यांचे सुटे रेणू नसतात, आयनांची (विद्युतभारित कणांची) जाळी असते. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर त्यांच्यासाठी "सूत्रवस्तुमान" हा शब्द वापरतात. बेरीज तीच, पद्धत तीच. लेकीला परीक्षेत हा फरक विचारू शकतात, म्हणून सांगितलं.

कृषी_सेवा_केंद्रवाला

माझं दुकान आहे. "बाकी काय भरता" हे दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि आजवर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीच्या माणसाला विचारलं की तो म्हणतो "कॅरियर असतो". आता कळलं की त्यालाही माहीत नाही.

हा धागा वाचून रात्री गिऱ्हाईक नसताना बसलो आणि रॅकवरच्या गोण्या एकेक करून सोडवल्या.

बारा एकसष्ट शून्य, मोनो अमोनियम फॉस्फेट. नायट्रोजन १४, हायड्रोजन सहा म्हणून ६, फॉस्फरस ३१, ऑक्सिजन ६४. बेरीज ११५. नायट्रोजन १४ भागिले ११५ म्हणजे १२.२. फॉस्फेट ७१ भागिले ११५ म्हणजे ६१.७. जमलं.

तेरा शून्य पंचेचाळीस, पोटॅशियम नायट्रेट. ३९ + १४ + ४८ = १०१. नायट्रोजन १३.९, पोटॅश ४७ भागिले १०१ म्हणजे ४६.५. गोणीवर ४५. जमलं.

युरिया. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन २८, हायड्रोजन ४, एकूण ६०. नायट्रोजन ४६.७, गोणीवर ४६. उरलेल्या ५४ मध्ये ऑक्सिजन २६-२७, कार्बन २०, हायड्रोजन साडेसहाच्या वर. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन पावणेएकवीस किलो.

शून्य शून्य पन्नास, पोटॅशियम सल्फेट. ७८ + ३२ + ६४ = १७४. पोटॅश ९४ भागिले १७४ म्हणजे ५४. गोणीवर मात्र ५०. गंधक १८.४ येतो, गोणीवर साडेसतरा. इथे फरक जरा जास्त आहे.

आणि कॅल्शियम नायट्रेटला मात्र पूर्ण अडकलो. तक्त्यात सूत्र आहे कॅल्शियम १, नायट्रेट २ आणि पाण्याचे चार रेणू. ४० + १२४ + ७२ = २३६. नायट्रोजन २८ भागिले २३६ म्हणजे जेमतेम १२ टक्के. गोणीवर साडेपंधरा! कॅल्शियम हिशेबाने १७, गोणीवर साडेअठराच्या आसपास. शुद्ध मालापेक्षा गोणीत जास्त नायट्रोजन कसा? हा माल रोज विकतो, आता झोप लागेना.

प्रयोगशाळेतली_ताई

औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते, माहेर निफाडचं, त्यामुळे धागा उघडलाच.

दादा, तुमचा प्रश्न फार चांगला आहे आणि तुमची बेरीजही बरोबर आहे. फक्त गोणीतला पदार्थ तो नाही. खताच्या बाजारात कॅल्शियम नायट्रेट नावाने जो पांढरा गोळीदार माल मिळतो, ते बहुतेक वेळा दुहेरी क्षार असतं. कॅल्शियम नायट्रेटचे पाच भाग, अमोनियम नायट्रेटचा एक भाग आणि पाण्याचे दहा रेणू, असं मिळून एक सूत्र. मांडून पाहा:

कॅल्शियम नायट्रेट (पाणी सोडून) १६४, पाच वेळा म्हणजे ८२०.
अमोनियम नायट्रेट ८०.
पाणी १८, दहा वेळा म्हणजे १८०.
बेरीज १०८०.

नायट्रोजन एकूण बारा: कॅल्शियम नायट्रेटमधले दहा, अमोनियम नायट्रेटमधले दोन. १२ गुणिले १४ म्हणजे १६८. त्याला १०८० ने भागा, १५.५६. कॅल्शियम २०० भागिले १०८०, साडेअठरा.

पडताळायला आणखी एक खूण आहे. गोणीच्या मागे "अमोनिकल नायट्रोजन" एक टक्क्याच्या आसपास आणि "नायट्रेट नायट्रोजन" चौदा-साडेचौदा असं लिहिलेलं असेल. निव्वळ कॅल्शियम नायट्रेटमध्ये अमोनिकल नायट्रोजन असायचं कारणच नाही. आपल्या सूत्रात बारांपैकी एक नायट्रोजन अमोनियमचा आहे: १४ भागिले १०८०, म्हणजे १.३.

आकडा जुळला नाही तर बेरीज पुन्हा एकदा तपासायची. बेरीज बरोबर असेल तर सूत्र तपासायचं. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. जेवढा घोळ होतो तो बहुतेक स्फटिकजलात होतो, पाण्याचे किती रेणू धरले यात.

०:०:५० बद्दल: खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे गोणीवर जे छापतात ती किमान हमी असते. कारखान्यातला माल शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून ५४ च्या जागी ५० ची हमी. याचा दुसरा अर्थ जास्त कामाचा आहे. रेणुवस्तुमान कमाल मर्यादा सांगतं. गोणीवरचा आकडा हिशेबापेक्षा थोडा कमी असेल तर ठीक. जास्त असेल तर एकतर पदार्थ वेगळा आहे, नाहीतर दावा खोटा आहे. तिसरी शक्यता नाही.

कृषी_सेवा_केंद्रवाला

ताई, आत्ता गोडाऊनमध्ये जाऊन मोबाइलच्या उजेडात गोणीची मागची बाजू वाचून आलो. अमोनिकल १.१, नायट्रेट १४.४. शब्दच नाहीत.

कमाल मर्यादेवरून झिंक सल्फेट आठवलं. २१ टक्के आणि ३३ टक्के असे दोन माल येतात. लोक म्हणतात ३३ वालं "स्ट्राँग", २१ वालं "डुप्लिकेट". दोन्ही आत्ता सोडवले. सात पाणीवालं: झिंक ६५.४, सल्फेट ९६, पाणी १२६, बेरीज २८७.४, झिंक २२.८ टक्के. एक पाणीवालं: ६५.४ + ९६ + १८ = १७९.४, झिंक ३६.५ टक्के. म्हणजे झिंक तेच, सल्फेट तेच, फक्त एका गोणीत पाणी जास्त. १० किलो २१ वाल्यात झिंक २.१ किलो, तेवढंच ३३ वाल्याच्या ६ किलो ३६५ ग्रॅममध्ये. भाव लावताना गोणीला भाव विचारायचा नाही, किलोभर झिंकला काय पडतं ते काढायचं. उद्यापासून काउंटरवर पाटी लावतो.

निवृत्त_मास्तर

"डुप्लिकेट" शब्दाचा खुलासा तुमच्याच हातून झाला, फार बरं वाटलं. आणि याच हिशेबाने एक राखणही होते. सात पाणीवाले मोठे काचेसारखे स्फटिक हातात देऊन कुणी ३३ टक्के झिंक म्हणू लागला, तर तिथेच थांबवा. त्यात २२.८ च्या वर झिंक मावतच नाही.

तासगावकर

मास्तर, मोरचुदाबद्दल लिहितो म्हणाला होतात. आमच्याकडे बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण) करताना दरवेळी वाद: किलोला किलो चुना, का अर्धा, का चारशे ग्रॅम? वडील किलोला किलो घालायचे. सल्लागार चारशे म्हणतात. मागच्या पावसाळ्यात एकाच्या बागेत कोवळी पानं करपली.

निवृत्त_मास्तर

हा विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे लांबण लागेल.

बोर्डो मिश्रण द्राक्षाच्याच वेलीवर जन्माला आलं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींना लोकांनी तोडू नये म्हणून मोरचूद आणि चुना फासत. त्या वेलींवर केवडा (डाऊनी रोग) कमी दिसतो हे तिथल्या मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, आणि १८८५ मध्ये त्याने प्रयोगांती हे मिश्रण जाहीर केलं. आज दिंडोरीत आणि तासगावात आपण तेच फवारतो.

आता हिशेब. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि त्यासोबत पाण्याचे पाच रेणू. तांबे ६३.५, गंधक ३२, ऑक्सिजन ६४, झाले १५९.५. पाणी पाच गुणिले १८, म्हणजे ९०. एकूण २४९.५. म्हणजे मोरचुदात ३६ टक्के पाणीच आहे, आणि हे खरं पाणी, तापवलं तर वाफ होऊन जाणारं. तांबे फक्त २५.५ टक्के. एक टक्का बोर्डोच्या शंभर लिटरमध्ये एक किलो मोरचूद, त्यात तांबे २५५ ग्रॅम.

चुन्याचे दोन प्रकार. कळीचा चुना, कॅल्शियम ऑक्साइड: ४० + १६ = ५६. विरवलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड: ४० + ३२ + २ = ७४. मोरचुदाच्या एका सूत्राला चुन्याचं एक सूत्र धरलं तर एक किलो मोरचुदाला कळीचा शुद्ध चुना ५६ भागिले २४९.५, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पुरतो. विरवलेला घेतला तर तीनशे ग्रॅम.

मग चारशे का सांगतात? आपल्याला मिळणारा चुना शुद्ध नसतो म्हणून. त्यात खडे असतात, आणि पोतं उघडं राहिलं की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होत जातो. कार्बोनेटचं सूत्रवस्तुमान १००. म्हणजे ५६ किलो कळीचा चुना पूर्ण बिघडला तर वजनात १०० किलो भरेल आणि बोर्डोच्या कामाला जवळजवळ काहीच येणार नाही. तुमच्या वडिलांच्या वेळी भट्टीचा चुना कसा मिळत होता ते मला ठाऊक नाही, पण किलोला किलो घालण्यामागे ही भीती असणार, आणि ती रास्त होती.

पानं करपतात ती तांबे मोकळं राहिलं म्हणजे. म्हणून हिशेब हा फक्त सुरुवातीचा अंदाज, शेवटचा शब्द चाचणीचा. सामू (पीएच) पट्टीने बघा, निदान सात यायला हवा. पट्टी नसेल तर घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर तांबे अजून मोकळं आहे, चुन्याची निवळी घाला. खिळा जसाच्या तसा निघेपर्यंत फवारणी नको. पिंप प्लॅस्टिकचं घ्या. लोखंडी पिंपात मोरचूद कालवलं तर तो खिळ्यावरचा थर पिंपालाच बसेल.

तासगावकर

खिळ्याची चाचणी आजोबा विळ्याने करायचे. कारण आज कळलं. आमच्या चुन्याचं पोतं गेल्या दिवाळीपासून उघडं आहे, ते उद्या बाजूला काढतो.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

माझं एक दुखणं सांगतो. दोन वर्षांपूर्वी २०० लिटरच्या टाकीत ५ किलो कॅल्शियम नायट्रेट आणि ५ किलो मॅग्नेशियम सल्फेट एकत्रच टाकलं. पाणी दुधासारखं झालं. विरघळेल म्हणून ढवळत बसलो आणि तसंच ड्रीपला सोडलं. चार दिवसांनी अर्ध्या एकराच्या तोट्या बंद. ॲसिड सोडलं, उपयोग झाला नाही. शेवटी लॅटरल (ठिबकच्या नळ्या) बदलल्या. खतातच भेसळ होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. या धाग्यावर विचारतो, खरं काय झालं असेल?

प्रयोगशाळेतली_ताई

दादा, भेसळ नव्हती. तुम्ही टाकीत जिप्सम तयार केलं.

मॅग्नेशियम सल्फेट, सात पाणीवालं: २४.३ + ९६ + १२६ = २४६.३. पाच किलो म्हणजे ५००० भागिले २४६.३, साधारण २० मोल. मोल हा शब्द नवा वाटत असेल तर फक्त मापाची टोपली समजा. रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम घेतले की एक टोपली भरली, आणि कुठल्याही पदार्थाच्या एका टोपलीत कणांची संख्या सारखीच. तुमच्याकडे सल्फेटच्या २० टोपल्या.

कॅल्शियम नायट्रेट ५ किलो, त्यात कॅल्शियम साडेअठरा टक्के म्हणजे ९२५ ग्रॅम. भागिले ४०, म्हणजे कॅल्शियमच्या २३ टोपल्या.

एक कॅल्शियम आणि एक सल्फेट भेटले की जिप्सम, पाण्याच्या दोन रेणूंसह: ४० + ९६ + ३६ = १७२. सल्फेटच्या वीसच्या वीस टोपल्यांना जोडीदार आहे. २० गुणिले १७२ म्हणजे ३४४० ग्रॅम, जवळजवळ साडेतीन किलो. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, इतर क्षार सोबत असले तर थोडं जास्त. म्हणजे २०० लिटरमध्ये अर्धा-पाऊण किलो गेलं असेल. बाकी अडीच किलोच्या वर साका तोट्यांमध्ये गेला. ॲसिडने कार्बोनेट निघतं, जिप्सम त्याला फारशी दाद देत नाही, म्हणून उपयोग झाला नाही.

हेच १२:६१ किंवा ०:५२:३४ सोबत केलं तर कॅल्शियम फॉस्फेट बसतं. कॅल्शियमची टाकी नेहमी वेगळी, आणि दिवसही वेगळा.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

ताई, मनापासून आभार. ज्या दुकानदाराला मी नावं ठेवली त्याच्याकडे उद्या जातो आणि तुमचा हिशेब दाखवतो. माफी मागायची आहे.

द्राक्षवेल_दिंडोरी

सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवतोय. तिचा प्रश्न: "बहुतेकांची अणुवस्तुमानं पूर्णांकात, मग क्लोरीनचं साडेपस्तीस का? अर्धा प्रोटॉन असतो का?"

निवृत्त_मास्तर

बाळ, अर्धा प्रोटॉन नसतो. क्लोरीनचे अणू दोन जातीचे आहेत, एक ३५ वजनाचा आणि एक ३७ चा. निसर्गात ढोबळमानाने चारातले तीन ३५ चे आणि एक ३७ चा. तीन पस्तीस एकशे पाच, अधिक सदतीस, एकशे बेचाळीस. चारने भाग. आलं साडेपस्तीस. प्रत्यक्षात प्रमाण काटेकोर तीनास एक नाही, म्हणून अचूक आकडा ३५.४५.

हे आकडे आज आपण तक्त्यातून उचलतो, पण ते जमायला अर्धं शतक लागलं. डाल्टनने पाण्यात हायड्रोजन एक आणि ऑक्सिजन एक असं धरलं, त्यामुळे त्याचा ऑक्सिजनचा आकडा निम्म्याहूनही कमी आला. पुढे एकाच पदार्थाची सूत्रं दहा जण दहा प्रकारे लिहू लागले. १८६० च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञ जमले, तिथे कानिझारो या इटालियन प्राध्यापकाने ॲव्होगॅड्रोचा १८११ चा विसरलेला विचार पुन्हा मांडला आणि मग हळूहळू सगळ्यांचे हिशेब एका रांगेत आले. तू परवा वहीत १३६ लिहिलंस ते त्या रांगेतलं.

आता क्लोरीनवरूनच एक गणित बाबांना घाल. लाल पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, द्राक्षाला का टाळतात?

द्राक्षवेल_दिंडोरी

तिने केलं. ३९ + ३५.५ = ७४.५. पोटॅश ४७ भागिले ७४.५ म्हणजे ६३ टक्के, गोणीवर ६०. आणि क्लोराइड ३५.५ भागिले ७४.५, जवळजवळ ४८ टक्के! ५० किलोच्या गोणीत तेवीस-चोवीस किलो क्लोराइड. आमच्या विहिरीचं पाणी आधीच मचूळ. सल्फेट महाग पडतं म्हणून दोन वर्षांपूर्वी मी थोडं लाल पोटॅश टाकलं होतं आणि पानांच्या कडा जळाल्या होत्या. तेव्हा उन्हाला दोष दिला.

निफाडचा_पदवीधर

देठ परीक्षणाबद्दल (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांच्या तपासणीबद्दल) एक. अहवालात फॉस्फरस आणि पोटॅशियम मूलद्रव्य म्हणून टक्क्यांत येतात, खताची शिफारस मात्र फॉस्फेट आणि पोटॅशमध्ये. मी दोन हंगाम हे आकडे सरळ एकमेकांशी ताडत होतो. मास्तरांचे ०.४४ आणि ०.८३ आता पाकिटात लिहून ठेवलेत.

प्रयोगशाळेतली_ताई

अवांतर, पण याच जातीचं. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनच्या गोळीची पट्टी वाचा. "अम्लोडिपिन बेसिलेट, ५ मिलिग्रॅम अम्लोडिपिनइतके" असं असतं. बेसिलेट क्षाराचं वस्तुमान ५६७, नुसत्या अम्लोडिपिनचं ४०९. म्हणून ५ च्या गोळीत आम्ही क्षार ६.९३ मिलिग्रॅम टाकतो. "इतके" या एका शब्दात अख्खा भागाकार आहे. गोणीवरचं "फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून" आणि पट्टीवरचं "इतके" ही सख्खी भावंडं.

कृषी_सेवा_केंद्रवाला

पाटी लागली. दोन दिवसांत सात जणांनी थांबून वाचली. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, तेरा शून्य पंचेचाळीसमध्ये तर बेचाळीस उरतात, ते कशाचे? मी पाटीवरच करून दाखवलं. नायट्रोजन मूलद्रव्य म्हणून मोजतात, पोटॅश ऑक्साइड म्हणून. मग नायट्रेटचा ऑक्सिजन हिशेबाबाहेर राहतो. अडीच ऑक्सिजन, ४० भागिले १०१, साडेएकोणचाळीस टक्के. बाकी दोन-अडीच हमीतली सूट. बाबा म्हणाले, "म्हणजे हवाच की!" पटलं त्यांना.

द्राक्षवेल_दिंडोरी

शेवटचं कळवायचं राहिलं होतं. मास्तरांनी मोरचुदातल्या पाण्याबद्दल लिहिलं ते लेकीने शाळेत विज्ञानाच्या बाईंना सांगितलं. बाईंनी घरी तव्यावर वगैरे अजिबात करायचं नाही, मोरचूद विषारी आहे असं बजावलं, आणि शनिवारी प्रयोगशाळेत बोलावलं. मीही गेलो.

घरून नेलेले निळे खडे कुटून मुशीत ५ ग्रॅम घेतले. बर्नर मंद ठेवला. आधी कडेचा रंग फिका झाला, मग तो फिकटपणा आत सरकत गेला, आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळी पूड पिठासारखी पांढरी. मूस झाकून गार होऊ दिली आणि परत काट्यावर ठेवली. वहीतला हिशेब होता ५ गुणिले १५९.५ भागिले २४९.५, म्हणजे ३.२० ग्रॅम. काट्यावर आलं ३.२३. बाईंनी ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब सोडले, तिथे लगेच निळा डाग उमटला आणि पूड गरम झाली. पोरीने मुशीला बाहेरून बोट लावून पाहिलं आणि माझंही बोट लावायला लावलं.

खताच्या खोलीच्या दारावर आता खडूने लिहिलंय: १३६ = ७१ + ४७ + १८. त्याखाली तिच्याच अक्षरात, कॅल्शियमची टाकी मंगळवारी, बाकीच्या शुक्रवारी.